खिरीचं पातेलं

आज तांदळाच्या कण्यांची खीर केली होती. रिकाम्या पातेल्यात पाणी ओतलं, तशी काठाला चिकटलेली खीर सुटून वर आली आणि पाणी गढूळ झालं. मी ते बघत बसले.

आमची खीर म्हणजे कण्या, गूळ आणि असलंच तर ओलं खोबरं. दूध चहापुरतंच असायचं. पण पोरांचं लक्ष खिरीपेक्षा पातेल्यावर. एका खेपेला बबनने चाटायचं, पुढच्या खेपेला सुमीने, अशी पाळी मीच लावून दिली होती.

"दादा, मागच्या वेळी तूच चाटलंस!"

"मग बोट तरी लावू दे की, भवाने!"

इतकं निपटून काढायची, की घासायला काही उरत नसे.

सुमी तापाने गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मी खीर केलीच नाही. केली, तेव्हा पातेलं बबनपुढे ठेवलं. त्याने ते हळूच मागे सारलं.

"आई, आज सुमीची पाळी आहे."

मी पातेल्यात पाणी ओतलं. पुढच्या खेपेला त्याने चाटलं, त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा मागे सारलं. नोकरीला शहरात जाईपर्यंत तो असाच वागला.

आता खीर कधीतरीच होते. आज कुणाची पाळी होती, ते मला आठवेना. बबनला फोन करून विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. त्याच्या लक्षात असेल तरी मला रडू येईल, आणि नसेल तरी.