बाबांनी आणलेलं ग्राफिक्स कार्ड

पत्रा घासल्याचा वास आला की जबलपूरच्या घरातला तो रविवार आठवतो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नवे गेम अडकत, म्हणून फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या बाबांनी गोहलपूर मोहल्ल्यातून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं. ते कॅबिनेटमध्ये मावेना, तेव्हा त्यांनी दुपारभर कानशीने पत्रा घासून जागा केली. कार्ड बसलं, पण कॉम्प्युटर सुरूच होईना. "काहून बेटा, माझ्याच हातानं बिघडला का?" त्यांनी विचारलं. जुना पॉवर सप्लाय कार्डाला पुरत नव्हता, हे मला कळलं होतं. तरी नवा कॉम्प्युटर न मिळाल्याच्या रागात मी "हो" म्हणालो. "अच्छा," एवढंच बोलून त्यांनी कानस पुसून ठेवली. खरं सांगू सांगू म्हणता वर्षं गेली, मग बाबाही गेले. तो "हो" मला अजून परत घेता आलेला नाही.