आपांची सहीची फाइल

आपांनी साहेबांना कागद कधी दाखवला नाही. त्या तो खपवत. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीचे मालक साहेब आहेत, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. कंपनी चालवत होत्या आपा. हुद्दा म्हणाल तर साहेबांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कारकून. पण मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं एकदा त्यांनाच मालकीणबाई समजून पेढ्यांचा पुडा हातात ठेवला होता. आपांनी गैरसमज दूर केला नाही आणि पेढेही परत केले नाहीत.

आमच्यासाठी बियाणं पिकवणारे शेतकरी त्यांच्या गावांप्रमाणे फायलींत लावलेले असत. तीच सवय आपांना माणसांच्या बाबतीतही जडली होती. मी बदनापूरहून रोज गाडीनं येणारा, म्हणून मी ‘बदनापूर’. “ए बदनापूर, खिडकीत उभं राहून काय करून राह्यला? बिलं आण जल्दी.” माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

त्यांचं कपाट म्हणजे साहेबांच्या स्वभावाचा नकाशा. फायली तारखेनं लावलेल्या नसत, अक्षरानुक्रमानंही नसत. साहेबांच्या रागाप्रमाणे असत. वरच्या कप्प्यात साहेब खूश होतील असे कागद, मधल्या कप्प्यात चिडचिड करतील असे आणि तळाला नुसता आरडाओरडा. एकदा आपा भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या आणि नेमका कुणीतरी अधिकारी परवाना बघायला आला. साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. थोड्याच वेळात केबिनमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. शेवटी घाम पुसत त्यांनी आपांना फोन लावला.

“परवान्याची फी भरताना तुम्ही कुणावर ओरडल्ते?” आपांनी विचारलं.

“सगळ्यांवर.”

“मंग सगळ्यात खाली बघा. आणि बाकीच्याला हात लावू नका.”

परवाना तिथेच होता.

अशा बाईला सोडायला साहेब तयार होणं अवघडच होतं, आणि आपांना तर जायचं होतं. मंठ्याला त्यांची धाकटी बहीण होती, छोटी. नवरा वारल्यापासून ती घरात एकटी. आपांचे मियाँ कधीच गेलेले, मुलगा पुण्यात. लग्नं झाल्यापासून या दोघी बहिणी एका छताखाली राहिल्या नव्हत्या. रोज दुपारी डबा खाताना छोटीचा फोन यायचा आणि ती एकच गोष्ट विचारायची: कधी येतेस?

“साहेबांना सांगून टाका ना एकदा,” मी म्हणायचो.

“तोंडानं सांगितलं तर सायब रडतील, न्हाईतर पगार वाढवतील. मंग मी थांबंन. मला माझा भरवसा न्हाई. सहीनंच जाईन.”

सहीचं तंत्र तर त्यांच्या हातचा मळ होतं. साहेब दोन्ही कानांना फोन लावून सह्या करत. फायलीतला पहिला कागद भुवया आवळून बघत, म्हणजे वाचल्यासारखं दाखवत. शेवटच्या कागदापाशी पुन्हा संशय येई. मधल्या कागदांवर पेन नुसतं पळत सुटे. साहेबांनी त्या ऑफिसात मन लावून वाचलेलं एकमेव साहित्य म्हणजे सहीला येणाऱ्या फायलींवर आपांच्या हातानं लिहिलेली नावं, कारण त्याशिवाय कुठली फाइल कशाची हेच कळायचं नाही. साहजिकच आमच्या रजांचे अर्ज फायलीच्या मधे असत. पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे रजा मागणं म्हणजे गुन्हा, आणि माझ्या मेहुणीचं लग्न नेमकं तेव्हाच निघालं. आपांनी माझा अर्ज ट्रकभाड्याचं बिल आणि कुठल्याशा सत्काराचं निमंत्रण यांच्यामध्ये सारला. मी लग्नात जिलेबी खात असताना इकडे साहेब गरजले, “बदनापूरवाला कुठं मेला?” आपांनी अर्ज पुढे केला. साहेबांनी स्वतःच्याच सहीकडे चोराकडे बघावं तसं बघितलं.

शेवटी एका गुरुवारी आपांनी नोकरी सोडण्याचा स्वतःचा अर्ज मधे घातला. ऑफिसातला प्रत्येक कागद संगणकावर टाइप होऊन यायचा. हा टाइप करायला दिला असता तर दुपारच्या चहापर्यंत बोभाटा झाला असता, म्हणून त्यांनी तो हातानं लिहिला. आम्हा सगळ्यांचे कागद बिनबोभाट पार करणाऱ्या बाईनं स्वतःच्या वेळी नेमकी इथे माती खाल्ली.

मी तेव्हा केबिनमध्येच उभा होतो, माल घेऊन जाणाऱ्या गाड्यांची यादी घेऊन. पेन पळत आलं आणि ते अक्षर दिसताच थांबलं. साहेबांनी फोन खाली ठेवले. दोन्ही. अर्ज वाचला, उलटून मागे काही आहे का बघितलं आणि पुन्हा वाचला. मला पळून जावंसं वाटत होतं, पण दारात आपा उभ्या होत्या.

“आपा, मला बी गुंडाळून राह्यल्या?”

“सगळ्यांसाठी गुंडाळलं सायब, आज माझ्यासाठी. छोटी एकटी हाय. घरात बोलायला कुणी न्हाई म्हणून दिवसभर टीव्ही लावून बसती.”

“पगाराचं काही असेल तर...”

“बोलू नका. बिलकुल बोलू नका. सही करा.”

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत बसले. मग त्यांनी सही केली. एरवी त्यांची सही म्हणजे एक फराटा. या वेळी त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं शाळेतल्या पोरासारखं सावकाश लिहिलं.

आपांनी अर्ज उचलून बघितला. “ही कोणती सही? तुमची सही अशी न्हाई.”

“वाचून केली की अशी येती,” साहेब म्हणाले.

मग दोघंही रडले. मीही रडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. त्या ऑफिसात मला घरच्यासारखं वाटलं ते या दोघांमुळे, आणि त्यातलं एक माणूस आता चाललं होतं.

पुढे काही महिन्यांनी मी मंठ्याला गेलो तेव्हा छोटीचं घर शोधून काढलं. आपा आत नमाज पढत होत्या. छोटीनं बाहेर ओट्यावर चहा आणून दिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “भाई, आपानं माझं अख्खं किचन लावून टाकलं. डबे कोणत्या हिशोबानं लावलेत, अल्लालाच माहीत. मला हळद सापडून राह्यली न्हाई.”

“मग साहेबांना सांगू का, परत घेऊन जा म्हणून?” मी चेष्टेनं विचारलं.

छोटीनं दारातून आत डोकावून बघितलं.

“न्हाई न्हाई,” ती घाईघाईनं म्हणाली. “बिनहळदीची करंन मी भाजी.”