पट्ट्यावरून सदर बाजारापर्यंत

साऱ्या छत्तीसगडात, आणि मी तर म्हणते साऱ्या देशात, जन्मात एकदाही तक्रार न केलेला माणूस एकच, आणि नेमका तोच रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझा घरमालक निघावा, हा माझ्यावर झालेला उघड अन्याय होता. कारण तक्रार करणं हेच माझं काम. नवं राज्य झालं, रायपूरची राजधानी झाली, रस्ते खणले, झाडं पडली, फुटपाथ गायब झाले, आणि आम्ही काही पोरंपोरी त्याविरुद्ध पत्रकं छापून चौकाचौकात वाटत होतो. वरच्या भाड्याच्या खोलीतून पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी तरातरा खाली उतरावं, तर ओट्यावर हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले काकाजी डोळे अर्धवट मिटून, गालातल्या गालात हसत बसलेले. कसं काय काकाजी? "एकदम बढिया, बेटा." मे महिन्याचा उकाडा असो, वीज गेलेली असो, नळ सकाळपासून कोरडा असो. एकदम बढिया!

तो ओटाही अर्धाच उरला होता. रस्ता रुंद करणारे तो तोडायला आले तेव्हा मी घोषणा देतच खाली धावले, आणि पाहते तर काकाजी घण मारणाऱ्यांना चहा देत होते. "काकाजी, तुमचं घर तोडून राहिले ना ते!" मी किंचाळले. "हव," ते शांतपणे म्हणाले, "अन् एवढ्या उन्हात तोडून राहिले बिचारे." पुढे त्या तुटक्या कडेवर बसून पाय खाली सोडता येतात, हे त्यांनी मला मोठ्या कौतुकानं करून दाखवलं. अशा माणसासाठी लढायचं तरी कसं?

त्यांचं चालणं म्हणजे दुपारच्या झोपेतून पुरतं जागं न होता उठावं आणि तसंच निघावं, असं. मोटरसायकली कानाजवळून सुसाट जायच्या, हॉर्न वाजायचे, आणि काकाजी मधेच माझा हात धरून म्हणायचे, "या लिंबाखालून चाल, सावली आहे." तिथं मोबाईलचं दुकान असायचं. लिंब कधीच गेलेला. त्यांना मात्र जुनं रायपूर जागच्या जागी दिसत होतं, पारावर बसलेल्या माणसांसकट, आणि त्या माणसांना ते मान लववून नमस्कारही करत. खरं सांगते, त्या नसलेल्या झाडाखाली मलाही क्षणभर गार वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा, की गार वाटून घेतलं तर झाडाचा जाब कोण विचारणार?

म्हणूनच जिन्याच्या मधोमध थांबून ते वर आभाळाकडे पाहत उभे राहू लागले, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. एकदा मात्र जवळून पाहिलं. आभाळ नव्हते पाहत. भिंतीला हात टेकला होता आणि कपाळावर घाम होता. धरून डॉक्टरकडे नेलं. "क्या तकलीफ है?" "कुछ नहीं साहब, ये बच्ची परेशान है," काकाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी टीएमटी लिहून दिली. छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालायचं, पट्टा हळूहळू वेग घेतो, चढ वाढतो, आणि हृदय काय म्हणतं ते पडद्यावर दिसतं. मला बाहेर बोलावून मात्र त्यांनी बजावलं, की छातीत दुखलं, दम लागला, तर या बाबूजींनी लगेच सांगायला हवं. लपवून चालत राहिले तर जिवावर बेतू शकतं.

म्हणजे काकाजींचा जीव आता एका तक्रारीवर अवलंबून होता!

घाबरले होते ते. पण भीती वाटते असं म्हणणं हीसुद्धा तक्रारच, म्हणून त्यांनी तुळशीला इतकं पाणी घातलं की ती पिवळी पडायला लागली, आणि पितळेचा तांब्या घासघासून माझ्यासमोर धरत विचारलं, "त्या पट्ट्यावरून कोणी घसरत असंल का वं?" तुम्हाला भीती वाटून राहिली का, मी विचारलं. "मले? छे! असंच. माहिती असावी माणसाले." चालायला बूट हवेत म्हणून गोल बाजारात गेलो, तर काकाजींनी बोटं चेपणारे बूट घेतले, कारण दुकानदारानं मोठ्या प्रेमानं स्वतः वाकून घातले होते, त्याला नाही कसं म्हणायचं? मग मी ओट्यावर तालीमच सुरू केली. मी डॉक्टर. "बाबूजी, दर्द?" "थोडासा आहे जी, पण तुम्ही बसा ना, कवाचे उभे आहात." मी डोक्याला हात लावला. "काकाजी, नुसतं म्हणा, दुखून राहिलं!" "दुखून राहिलं," ते आज्ञाधारकपणे म्हणाले, आणि लगेच ओशाळून हसले, जणू कुणाला शिवी दिली.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खरं कारण बाहेर पडलं. "हे तक्रारीचं डिपार्टमेंट तुह्या काकूचं होतं," काकाजी म्हणाले. काकू मी आले त्याच्या आधीच गेलेल्या. "दूधवाला, दर्जी, माहा साहेब, साऱ्यांसंग तेच भांडत होती. मले कधी कामच नाही पडलं." आणि मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "उद्या मी तिच्यासंग चालतो. रोज संध्याकाळी जात होतो तसंच. इथून गोल बाजार, तिथून सदर बाजार. त्या पट्ट्याले काय समजते आपण कुठं चाललो ते." त्यांची भीती तिथंच विरघळली. माझी वाढली. इतक्या सुखात चालणाऱ्या माणसाला छातीतलं दुखणं ऐकू तरी येईल का?

दुसऱ्या दिवशी छातीवरचे केस काढणाऱ्याचे त्यांनी आभार मानले, तारा लावणाऱ्याला त्याच्या आईची तब्येत विचारली, आणि पट्टा सुरू झाला. मी अर्ध्या उघड्या दारात उभी. काकाजींचे डोळे मिटायला आलेले. चालता चालता त्यांनी डावीकडे कुणाला तरी मान लववली, थोड्या वेळानं उजवीकडे सरकून कुणाला तरी जागा करून दिली. ते गोल बाजारात होते, मला स्पष्ट कळत होतं. पट्टा वेग घेऊ लागला. "बाबूजी, तकलीफ?" तारा लावणाऱ्यानं विचारलं. "बढिया." पट्टा आणखी चढला. ओठ हसत होते आणि त्यांचा रंग उतरत चालला होता. "काकाजी, बोला ना!" मी दारातूनच ओरडले, सभेत ओरडते तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उजव्या बाजूला, जिथं कुणीही नव्हतं तिथं, मान वळवून पाहिलं, आणि मग काळजीच्या स्वरात म्हणाले, "भैया, जरा रोक दीजिए. मैडम का दम फूल रहा है."

तारा लावणारा गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. पडद्यावरच्या रेघा बघणारे डॉक्टर कुणाकडेच पाहत नव्हते. ते एकच शब्द बोलले, "रोको."

बरं झालं बाबूजी बोलले, डॉक्टर नंतर म्हणाले. हृदयाच्या एका नळीत मोठा अडथळा होता. जाळी बसवली, काकाजी घरी आले, आणि कसं काय विचारणाऱ्याला परत बढिया सांगू लागले. मी पुन्हा पत्रकं वाटत हिंडू लागले. एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी, त्या तुटक्या कडेवर पाय सोडून बसले होते, तेव्हा सहज विचारलं, "त्या दिवशी कुठंवर पोचले होते, काकाजी?"

"सदर बाजार लागलाच होता," ते म्हणाले. "सोनारांच्या दुकानांत दिवे लागून राहिले होते. तुही काकू म्हणे, थांबा ना जी, दम लागला. मी त्या तारवाल्याले पट्टा थांबवाले लावला."

"मग?"

समोरून ट्रक गेला. धूळ उडाली, खाली बसली.

"मग काय. मी थांबलो अन् ते थांबलीच नाही. गेली चालत पुढं, दिव्यादिव्यांतून. मागं वळूनसुद्धा नाही पाहिलं तिनं." त्यांचा आवाज जरा चढला, असा मी तो कधी ऐकला नव्हता. "असं करावं का माणसानं? तूच सांग."

मला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलता येतं. त्या संध्याकाळी मी फक्त थोडी सरकून त्यांच्या आणखी जवळ बसले.