साळवे सिस्टर आणि टायरमधली हवा

सायकलमध्ये हवा भरताना साळवे सिस्टर तोंड फिरवून घेत. पंपाचे दोन-चार दट्टे मारायच्या, थांबायच्या, लांबूनच चाक निरखायच्या आणि मग पुन्हा पंप हाती घ्यायच्या. मुकुंदवाडीतल्या आमच्या दवाखान्यात त्या सगळ्यांत जुन्या परिचारिका. मी नुकतीच लागलेली. सुरा घेऊन आलेल्या दारुड्यालाही बाकावर बसवून टाके घालणाऱ्या या बाईंना हवेची एवढी धास्ती का, हे मला कळत नसे. विचारलं की म्हणत, "तू लांब हो आधी."

त्याच सुमारास मी वडिलांची जुनी सायकल वापरायला काढली. रिमच्या कडा गंजून झिजल्या होत्या. दुकानदाराने नवा टायर बसवला, कॉम्प्रेसरची नळी लावली आणि फोन आला म्हणून तो वळला. मी चाकाशेजारी उकिडवी बसले होते. एका ठिकाणी टायरची कड रिमच्या वर चढत होती आणि आतली ट्यूब फुगून बाहेर डोकावत होती. मला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता.

"ऊठ! ऊठ तिथनं!"

रस्त्यापलीकडून सिस्टर ओरडत धावत आल्या. मी उठायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी ओढणीला धरून मला मागे खेचलं, चाकाकडे पाठ करून त्या माझ्यावर ओणव्या झाल्या आणि कानठळ्या बसवणारा दणका देत ट्यूब फुटली. धुळीत काही दिसेना. मी जिवंत आहे की नाही, तेही समजेना. सिस्टरच्या कानातून रक्ताचा ओघळ आला होता आणि त्या माझे गाल धरून विचारत होत्या, "डोळे उघड. माझ्याकडं बघ. दिसतंय का?"

दवाखान्यात कानाला कापूस लावताना त्या आपल्या धास्तीबद्दल पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या बापाचा डोळा असाच गेला. चाक मीच धरलं होतं. तवापासनं लई भ्या वाटतं."

ती सायकल भंगारात घालायचं मी ठरवलं होतं. रविवारी सिस्टर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अंगणात पंप आणि नवी ट्यूब घेऊन हजर. "रिम जुनी हाय, मेली नाय. तिला ठासून हवा झेपत नाय, एवढंच." ट्यूबमध्ये थोडीशी हवा घेऊन त्यांनी ती आत बसवली. टायरची कड दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबत गेल्या, कुठे ट्यूब चिमटली नाही ना हे पाहिलं. टायरवरची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसेपर्यंत दोनदा हवा सोडली आणि पुन्हा भरली. दर दोन दट्ट्यांना त्या तोंड फिरवत होत्या, पण लगेच वळून चाक निरखत होत्या.

"सिस्टर, राहू द्या ना."

"भ्या वाटलं तर नीट बघायचं. डोळं मिटलं की घात हाय."

तो कान पुढे बरा झाला नाही. हे मला वर्षभराने कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून. मी बोलायला लागले की त्या नकळत दुसरी बाजू माझ्याकडे करत.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मुलीला बाहेर बोलावलं, तेव्हा खोलीत त्यांच्याजवळ मी एकटीच होते. सिस्टरनी माझं मनगट घट्ट धरलं. "लई भ्या वाटतंय गं. जाऊ नको."

"नाय जात," मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हटलं.

दुपारी त्यांची बोटं सैल पडली. तरी मी कितीतरी वेळ हात काढून घेतला नाही.