निळ्या दिव्यावरची हळद

आमच्या कॉलेजात कोण किती शिकलंय ते दारांवरच्या पाट्यांवरून कळतं. पुष्पावतीबाईंच्या नावाची पाटी कुठेच नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी तिथला स्टोअरकीपर. नगरचं अहिल्यानगर झालं, माझा किल्ल्यांचा जुडगा आहे तोच आहे.

बाई कर्जतकडच्या. नवरा छगनराव तोंडाच्या कॅन्सरने गेले. तंबाखूची पुडी खिशात ठेवूनच त्यांनी दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या. जबडा कापला, तरी सहा महिन्यांत गाठ परत आली. शेवटी बाई चमच्याने पेज भरवायच्या आणि निम्मी बाहेर यायची. ते गेल्यावर बाई आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला लागल्या. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची. मी खोड काढायला टपलेलाच असतो, पण त्यांनी धुतलेली बाटली उजेडात धरून पाहिली तरी मला कधी डाग सापडला नाही.

तिथेच आराधना पीएचडी करत होती, शेवगावच्या एका ख्रिस्ती मास्तरांची मुलगी. तिचं काम तोंडाच्या कॅन्सरवर. डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण ती बनवायची. हे कण कॅन्सरच्या पेशीत शिरले तरी अंधारात गप्प पडून राहतात. निळा उजेड पडला की जागे होतात आणि आसपासच्या ऑक्सिजनला असं काही चेतवतात, की लोखंड गंजावं तशी पेशी आतून खलास होते. उजेड पडेल तेवढ्यालाच मार, बाकी शरीराला धक्का नाही. निदान बेत तरी तसा. बाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून आराधनाच्या बाटल्या दोनदा धुवायला लागल्या.

खंडेनवमीला आम्ही वजनकाट्यापासून मायक्रोस्कोपपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लावतो. हळदीची वाटी मीच दिली होती, आणि "दिव्याला पण लावा" हेही माझेच शब्द. बाईंनी आराधनाच्या निळ्या दिव्याच्या काचेवर पाच बोटं ओढली. मनात काय मागितलं ते सांगायला नको. पुढे कुणाला न सांगता दर शुक्रवारी त्या पाण्यात हळद कालवून बोटं ओढत राहिल्या.

दसऱ्यानंतर प्रयोग बिघडला. आधी बशीत वाढवलेल्या शंभरातल्या नव्वद पेशी मरायच्या, आता निम्म्याही मरेनात. कणांची नवी खेप दसऱ्यानंतरच बनवलेली, त्यामुळे सगळा संशय तिच्यावर. आराधनाने ती तीनदा नव्याने बनवली. सातव्या आठवड्यात तिचे सर म्हणाले, "शनिवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर हा विषय सोड." तीन वर्षांचं काम होतं ते.

शुक्रवारी बाई हळद घेऊन आत गेल्या. दिवा चालू होता, खाली पांढरा कागद. कागदावरच्या निळ्या उजेडात पाच काळपट पट्टे पडले होते. बाईंनी दिव्यापुढे हात धरून पाहिला. पट्टे त्यांच्याच बोटांचे होते.

त्या थेट माझ्याकडे आल्या. "भाऊ, माज्या हळदीनं उजेड आडवला."

मी शहाणा. म्हटलं, गुपचूप पुसून टाका. पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपतंय, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता? उद्या प्रयोग जमला की झालं.

"पुसते की. पर सांगनार बी. न्हाई सांगितलं तर पोरीला वाटंल, तिच्याच हातानं बिगाडलं."

मला माझीच लाज वाटली. मीही मागोमाग गेलो.

बाईंनी सांगितलं तेव्हा आराधना हळूच म्हणाली, "मावशी, हळद मला दिसत होती."

"मंग पुसली का न्हाई?"

"मी पुसली असती तर तुम्हाला वाटलं असतं, ख्रिस्ती आहे म्हणून पुसली. एवढ्याशा बोटांनी काय होतंय, असं मी मनाला समजावत राहिले."

"आगं येडे, मला इचारायचं तरी! मी सोता पुसली आस्ती." बाई चिडल्या होत्या आणि डोळ्यांना पदरही लावत होत्या. "देव काय त्या काचंवर बसला हुता व्हय?"

दोघींचा संकोच आणि माझा आगाऊपणा, यात सात आठवडे पाण्यात गेले. संध्याकाळी आम्ही तिघं सरांकडे गेलो. सर आधी तापले, मग हसले, मग पुन्हा तापले. बाईंच्या कंत्राटाबद्दल बोललेच नाहीत, त्यामुळे तो घोर तसाच राहिला. हळदीचा डाग पुरता निघेना, तेव्हा मी स्टोअरमधली नवी काच काढून बसवली.

शनिवारी प्रयोग झाला. रविवारी सुट्टी असूनही आम्ही तिघं हजर. आराधनाने मोजलं, पुन्हा मोजलं. शंभरातल्या ब्याण्णव मेल्या होत्या.

तिने बाईंना मायक्रोस्कोपपुढे बसवलं. इतकी वर्षं तो पुसूनही बाईंनी कधी त्यात डोळा घातला नव्हता.

"आमच्या मालकांच्या तोंडात ह्येच हुतं?"

"याच जातीचं, मावशी."

"मेलंय नव्हं?"

"मेलंय."

मान वर न करता बाईंनी विचारलं, "मानसाला कवा देनार ह्ये?"

आराधना खोटं बोलली नाही. "अजून उंदरांवर करायचंय. मग परवानग्या. माणसापर्यंत गेलंच, तर दहा वर्षं तरी लागतील."

"दहा वर्सं," बाईंनी मनाशी हिशेब केला. "म्हंजे मी बासष्टची हुईन." त्या उठल्या आणि पदर खोचला. "हुईन की. आन, बाटल्या दे हिकडं."