कुटुंबप्रमुखास विचारावे

सुलेखाताईंबद्दल आमच्या गावात कुणी धड बोलत नाही. आधी पाणी चांगलं म्हणाली, मग वाईट म्हणाली, हिचा काय भरवसा, असं पारावर बसून बोलतात. बोलणारे सगळे विकतच्या जारचं पाणी पिणारे. म्हणून मला सांगणं भाग आहे.

ताई पिशोर गावच्या. शाळेत असताना गावात काविळीची साथ आली, तर या पोरीनं घरोघर जाऊन कोण कुठल्या विहिरीचं पाणी पितं ते वहीत लिहून काढलं. तोच नाद पुढं धंदा झाला. माणसं काय खातात, काय पितात हे हजार घरी विचारायचं आणि आजाराचं मूळ हुडकायचं. डॉक्टरकी शिकल्या, वर आणखी शिकल्या, आणि शहरात क्रांती चौकाजवळच्या एका संशोधन संस्थेत लागल्या.

आमचं गाव पैठण रोडला. वरच्या अंगाला केमिकलची कंपनी, खालच्या अंगाला आमची बोअर. तीन वर्षांत एकतीस जणांच्या किडन्या गेल्या. त्यात माझी सासू, वच्छलाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. ताई तपासाला आल्या आणि घरोघरचे फॉर्म भरायला मला घेतलं, बारावी झालेली सून म्हणून.

फॉर्मवर वरच छापलं होतं, कुटुंबप्रमुखास विचारावे. मी पहिला फॉर्म आमच्याच घरी भरला. सासरे तात्यासाहेब ओसरीवर बसलेले. पिण्याचं पाणी कोणतं? "जारचं. आपण काय भिकारी आहोत का?" मी लिहिलं, जार. आता माझी अक्कल बघा. सकाळीच मी बोअरच्या हंड्यातून दोन तांबे पाणी प्यायले होते, आणि त्याच हातानं जार लिहिलं. मला वाटलं, घराचं विचारलंय, माझं कुठं विचारलंय. चारशे घरी असंच लिहिलं.

ताईंचा अहवाल आला. गाव जारचं पाणी पितं, आजाराचा पाण्याशी संबंध दिसत नाही. कंपनीनं तो कागद गेटावर चिकटवला.

पण ताईंना चैन पडेना. एकतिसातल्या चोवीस बाया कशा, हे त्यांना सुटेना. म्हणून त्या परत आल्या, एकट्या. तोवर तात्यासाहेबांनी त्यांचं आडनाव आणि आडनावावरून जात हुडकून काढली होती. ओसरीवर बस म्हटलं नाही. मागल्या दारानं या म्हणाले. मला लाज वाटली, पण मी गप्प राहिले. त्याचाही राग आहे मला.

मागल्या दारी आत्याबाईंनी त्यांना हंड्यातलं पाणी दिलं. ताईंनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"काकू, हे कुठलं पाणी?"

"बोअरचं. आमी तेच पितो."

"आणि जार?"

"त्यो ओसरीवर असतो. गडीमाणसांचा, पाव्हण्यांचा. बायांना कशाला पायजे? भाकरीचं पीठबी ह्यातच मळतो."

ताईंनी पिशवीतून आमच्या घरचा फॉर्म काढला. मला वाटलं आता मला झाडतील. मी आपणहून म्हणाले, फॉर्म मीच भरलाय. तर म्हणाल्या, "प्रमुखाला विचारा हे मी छापलं, तनुजा. चूक माझी." मग दीड महिना आम्ही चुलीपाशी बसून एकेका बाईला विचारलं, तू कुठलं पितेस? नव्वद घरं सोडली तर सगळीकडं बायांच्या वाट्याला बोअर.

ताईंनी ते सगळं वर लिहून कळवलं, तेव्हा तहसीलला सुनावणी लागली. कंपनीचा माणूस पहिला अहवाल नाचवत म्हणाला, "मॅडम, सही तुमचीच ना?"

"माझीच. आणि अहवाल चुकीचा आहे. तसं लिहून देते."

एवढ्यावर संस्थेनं त्यांना कामावरून काढलं. नाव खराब झालं म्हणे. आणि कंपनीचं? ती चालूच आहे, तिकडं बोट दाखवायची कुणाची छाती नाही. बोअरला मात्र सील लागलं, टँकर सुरू झाला, आणि जार एकदाचा स्वयंपाकघरात आला.

मागच्या आठवड्यात ताई आत्याबाईंना बघायला आल्या. या खेपेला तात्यासाहेबांनी स्वतः पुढच्या दारानं आत घेतलं, ग्लास भरला. "घ्या मॅडम, जारचं आहे."

"आधी काकूंना द्या," ताई म्हणाल्या.

आत्याबाईंनी मान हलवली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, डॉक्टरनं दिवसाला अर्धा लिटरच पाणी सांगितलंय. त्या दिवसाचं त्यांचं दुपारीच संपलं होतं. ओठ सुकले होते, पण ग्लासाकडं बघायचं त्यांनी टाळलं.

तात्यासाहेब ग्लास धरून उभेच राहिले. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्यासमोर उभ्यानं, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.