रोट खाल्लेला माणूस

लग्न होऊन उषाबाई नंदुरबारकडून सुरतेला आल्या, त्या थेट एका शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा तिथेच वारला, मुलगा कुंदन तिथेच वाढला. या घरात एका मोठ्या गुजराती लेखकाचं बालपण गेलंय, हे त्यांना कळलं ते ब्याण्णव साली, स्मारक समितीचे मगनभाई दारात आले तेव्हा.

श्रावणात खानदेशातली माणसं घरात कानबाई देवी बसवतात, तो दिवस होता. मगनभाई चपला काढून आत आले आणि भिंतीसमोर डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. लेखक लहानपणी त्या भिंतीशी बसून धडे गिरवायचा. पण तिथे आज कानबाई बसलेली. उषाबाईंना वाटलं, हात तिलाच जोडलेत.

कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. उषाबाईंनी दिला.

"खा भाऊ. आते तू आमना भाऊबंद शे."

मगनभाईंनी मिटक्या मारत खाल्ला. "उषाबेन, स्मारक झालं तरी तुम्ही इथेच राहणार. दिवाबत्ती तुमच्याच हातची. मारुं वचन छे."

ते गेल्यावर कुंदन म्हणाला, "माय, कागदवर लिखी ले."

"रोट खायेल माणूसले कागद मांगतस का रे, येड्या?"

वरच्या मजल्यावरची शोभाबाई खोली सोडायला तयार नव्हती. उषाबाईंनीच तिला समजावलं. डागडुजीपुरतंच जायचंय, भाऊ आहे तो आपला. दोघींची बिऱ्हाडं शहराबाहेर कडोदऱ्याला गेली. डागडुजी लांबत गेली. घराचं कुलूप बदललं. कधी भेटायला गेलं तर मगनभाई मीटिंगमध्ये असत.

उद्घाटनाला दोघी गेल्या, बोलावणं नसताना. मांडवात मागे बसल्या. मगनभाई माइकवर गुजरातीत बोलत होते, आणि इतक्या वर्षांत उषाबाईंना गुजराती चांगलं कळू लागलं होतं.

"भाडोत्र्यांनी हे पवित्र घर नासवलं होतं. धूर, तेल, भिंतींना शेंदूर. आम्ही ते सोडवलं."

टाळ्या पडल्या.

"गोड बोलस तुना भाऊ," शोभाबाई पुटपुटली आणि उठली.

बाहेर पडायची वाट स्मारकाच्या दारावरून होती. तिथे मगनभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते. उषाबाईंवर त्यांची नजर क्षणभर थांबली, मग पुन्हा हसरी झाली.

"आवो बेन, आवो. पहिल्यांदाच आलात?"

मागचे लोक आत जायला ढकलत होते. उषाबाईंनी पदर सावरला.

"हां," त्या म्हणाल्या.

आणि आत न जाता शोभाबाईच्या मागे भरभर चालू लागल्या. शोभाबाई थांबली नाही.